पायडल बोटीतला तास

"तुम्ही मला नाही म्हणा," ती म्हणाली.

धक्क्यापासून आम्ही जेमतेम शंभर फूट आत आलो होतो. दोघांच्या अंगात नारिंगी लाइफ जॅकेट, तिचं तर हिरव्या सिल्कच्या साडीवर करकचून बांधलेलं. मी पायडल मारायचा थांबलो. तिनं मात्र मारत राहायला सांगितलं, कारण धक्क्यावरून सगळे बघत होते.

"काठावर गेल्यावर तुम्हाला विचारतील. तेव्हा मुलगी पसंत नाही म्हणून सांगा. सावळी आहे म्हणा, जास्त उंच आहे म्हणा, काय वाटेल ते म्हणा. मला राग येणार नाही."

मी तोवर चार मुली बघितल्या होत्या. त्यातल्या तिघींनी मला नाकारलं होतं आणि चौथीच्या वडिलांनी. कराडच्या एमआयडीसीत एका कंपनीत मी फिटर होतो, वय सत्तावीस, कपाळावरचे केस मागं सरकायला लागलेले. नकार ऐकायची मला सवय होती, पण नकार द्यायची विनंती कुणी पहिल्यांदाच करत होतं.

हा बोटीत भेटवायचा घाट हिंदुरावमामानं घातलेला. माझे वडील लवकर गेल्यामुळे माझ्या लग्नाचं सगळं मामाच्या हातात होतं. मुलीच्या घरी जाऊन पोहे खायचे आणि चार दिवसांनी नकार कळवायचा, यात मुलीचं गावात नाव निघतं, असं आनंदराव निकमांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं म्हणणं होतं. मग मामानं मधलं ठिकाण काढलं केळशेत. धरणाच्या फुगवट्याच्या काठावरचं हे गाव तेव्हा नुकतंच सहलीचं झालं होतं. धक्का, बोट क्लब, भाजलेली कणसं, पाण्याकडेला लावलेले तंबू. तिथं आपल्याला कोण ओळखतंय, पोरंपोरी बोटीत बसून मोकळं बोलतील, आपण झाडाखाली डबे सोडू, असा मामाचा बेत. जमलं तर जमलं, नाहीतर सहल झाली असं समजायचं.

तर अशा सहलीत ती, वैजयंता आनंदराव निकम, मला नाही म्हणायला सांगत होती.

मी कारण विचारलं. दुसरं कोणी मनात आहे का, हेही विचारलं, कारण असं काही असलं की तेच असतं अशी माझी समजूत. ती हसली. तिनं पोलीस भरतीचा अर्ज भरला होता. मैदानी चाचणीचं बोलावणं आलं होतं, बरोबर अकरा दिवसांनी. ते पत्र वडिलांच्या खिशात होतं.

"आण्णांनी आईसमोर शब्द दिलाय," ती म्हणाली. "हे स्थळ जमलं तर लग्न. पोरानं नाही म्हटलं तर पत्र माझ्या हातात देणार, आणि स्वतः मैदानावर घेऊन जाणार. मी नाही म्हणून चालत नाही. याआधी दोनदा म्हटलंय. आता मी नाही म्हटलं तर पत्र चुलीत जाईल. म्हणून तुम्ही म्हणायचं."

मी धक्क्याकडं बघितलं. आनंदराव पांढऱ्या सदऱ्यात उभे होते, आणि सदऱ्याच्या खिशातून खाकी पाकिटाचा कोपरा वर आलेला मघाशीच मला दिसला होता. मला वाटलं होतं, माझी पत्रिका असेल.

मी तिला विचारलं की तिची तयारी कशी आहे. खरं तर मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण ती बोलायला लागली आणि मी ऐकत राहिलो. पहाटे पाटाच्या कडेनं पळायची. घड्याळ आईचं, त्याचा पट्टा मोठा म्हणून दंडाला बांधायची. लांब उडीसाठी ओढ्यातली वाळू होती. गोळाफेकीला गोळा मात्र नव्हता, तर घरातला वरवंटा फेकायची.

"वरवंटा?"

"वजनाला बरोबर भरतो. फक्त लांबुळका असल्यानं कुठं जाईल सांगता येत नाही. एकदा गोठ्याच्या पत्र्यावर गेला. म्हैस दोन दिवस दूध देईना. आईनं तेव्हापासून वरवंटा कपाटात कुलपात ठेवलाय. चटणी वाटायची असली की किल्ली काढते."

मी इतका हसलो की बोट हलली. तीही हसली. तोंडावर हात न घेता हसणारी ती मी बघितलेली पहिलीच मुलगी. पायडल मारतानाही तिचं माझ्यापेक्षा जोरात चालायचं, त्यामुळे माझे पाय आपोआप फिरत होते.

"मग सांगाल ना?" तिनं विचारलं.

"सांगतो."

"शब्द?"

"शब्द," मी म्हणालो. म्हणताना आपण कुणीतरी मोठ्या मनाचे आहोत असं वाटून छाती जरा पुढं आली. लाइफ जॅकेटमध्ये ते दिसलं नसणार.

त्यानंतर पाचच मिनिटांनी दांडा माझ्या हातात आला.

पायडल बोटीत दोन सीटांच्या मधे एक लोखंडी दांडा असतो. तो डावीउजवीकडं फिरवला की मागचं सुकाणू वळतं. मी बोट धक्क्याकडं वळवायला म्हणून दांडा ओढला तर तो सबंध वर निघून आला. दांड्याला खालच्या सळईशी धरून ठेवणारी बारकी पिन गंजून तुटली होती आणि तिचे तुकडे डोळ्यांदेखत तळातल्या फटीतून पाण्यात गेले. सुकाणू एका अंगाला पडलं. आता पायडल मारावं तर बोट जागच्या जागी गोल फिरायची आणि थांबावं तर वारा तिला आत आत न्यायचा.

"तुम्ही फिटर ना?" ती म्हणाली.

मी म्हणालो की फिटर आहे, पण कंपनीत हत्यारं असतात. वाकून मी दांडा पुन्हा सळईवर बसवला. भोकासमोर भोक आलं, पण आत घालायला काही नव्हतं. खिशात एक पेन आणि बसचं तिकीट. तिनं क्षणभर विचार केला आणि अंबाड्यातला एक आकडा काढून माझ्यापुढं धरला. काळा, जाड तारेचा, दोन पायांचा आकडा.

मी तो घेतला. सीटखाली हात घालून थोडी खटपट केली. मग वर येऊन आकडा तिला परत दिला.

"बसत नाही. भोक मोठं आहे."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग आकड्याकडं बघितलं, तो बोटांनी सरळ केला आणि परत केसात खोवला. दांडा माझ्या मांडीवर राहिला.

आम्ही हात हलवले. तिनं पदराचं टोक हलवलं. धक्क्यावरून माझ्या आईनंही हात हलवला. मामानं डोक्यावरची टोपी काढून वर धरली. आमची बोट गोल फिरत असल्यामुळे त्यांना आम्ही एकदा तोंडानं दिसायचो आणि एकदा पाठीनं, आणि लांबून ते सगळं मजेत चाललंय असंच वाटत असणार. मी तोंडाशी हात धरून ओरडलो. वारा आमच्याकडून डोंगराकडं वाहत होता. त्यांच्यापर्यंत काही पोचलं नाही.

पुढं कळलं की धक्क्यावरच्या बोटवाल्यांना काहीतरी बिघडल्याचा संशय आला होता. पण केळशेतला मोटारबोटींचा नंबर असतो. गावातल्या वीसेक बोटी, ज्याचा नंबर लागेल तोच बोट काढणार. नंबर मोडला तर आठ दिवस बोट धक्क्याला बांधून ठेवायची, असा गावाचा नियम. त्या वेळी नंबर होता कोंडिबा शेलारचा, आणि कोंडिबा घरी जेवायला गेला होता. एकजण त्याला बोलवायला निघाला तेव्हा मामानंच त्याला अडवलं. "जेवू दे की त्याला निवांत. बोलत्यात पोरं, बोलू दे," असं म्हणाला म्हणे. वर त्या माणसाला आमच्या डब्यातली गुळपोळीही दिली.

इकडं आम्ही फिरत होतो. भीती अशी वाटत नव्हती. पाणी शांत होतं, माघातलं ऊन अंगाला बरं लागत होतं. काठावरच्या उंबरांची, तंबूंची, धक्क्याची रांग आमच्याभोवती सावकाश फिरायची. तिनं चपला काढून पाय वर घेतले. मी तिला कंपनीतल्या गमती सांगितल्या. तिनं मला भरतीच्या लेखी परीक्षेतले प्रश्न घातले आणि मी दहातले तीन बरोबर दिले. तुम्हाला पोलिसात घेणार नाहीत, ती म्हणाली. मी म्हणालो, मला मुलीही घेत नाहीत. यावर ती एवढी हसली की जॅकेटचा बंद सुटला आणि मी तो बांधून दिला.

ते धक्क्यावरून सगळ्यांनी बघितलं.

एकदा धक्का समोर आला तेव्हा तिची नजर तिच्या वडिलांवर होती.

"विसरणार नाही ना?" तिनं विचारलं.

"नाही."

"अकरा दिवस आहेत. मला आज संध्याकाळी घरी गेल्या गेल्या पळायला जायचंय. वर मान करून, सगळ्यांदेखत."

कोंडिबा आला तेव्हा आम्ही सव्वा तास पाण्यात होतो. त्यानं दोर टाकला, मी तो बांधला, आणि आमची बोट त्याच्या बोटीमागं ओढली जायला लागली. वैजयंता सरळ बसली, चपला घातल्या, पदर खांद्यावरून घेतला. एका मिनिटात ती परत बघायला आणलेली मुलगी झाली.

धक्क्यावर पाय ठेवला तर आईनं माझ्या तोंडात पेढा घातला. मला वाटलं, सुखरूप आलो म्हणून. वैजयंताची आई डोळे पुसत होती. झाडाखाली सतरंजी नीट झटकून पसरलेली, तिच्यावर नारळ, हळदीकुंकवाची पुडी आणि मामाची पानाची चंची उघडी. मामाच्या हातात अडकित्ता होता.

"फुटली बाबा सुपारी," मामा म्हणाला. "सव्वा तास. आरं, आमी तुझ्या मामीला सव्वा मिनिट बघितली न्हवती. तुमी तितं हसतायसा, बंद बांधतायसा, मग आमी हितं वाट कशाची बघायची? आनंदराव म्हणलं, मुहूर्त निघून जायला नगं. घेतली चंचीतली सुपारी आन् फोडली."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडं सुपारी फुटली म्हणजे लग्न ठरलं. त्यानंतर मोडलं तर ते ठरलेलं लग्न मोडणं होतं आणि त्याचा बोल मुलीला लागतो. पण ती फुटायच्या आधी मुलामुलीला निदान विचारायची रीत आहे. या चौघांनी आम्हाला पाण्यात लांबून बघूनच विचारलं आणि उत्तरही त्यांचं त्यांनीच ऐकलं.

वैजयंता धक्क्यावरच उभी होती. ती माझ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर अजून भीती नव्हती. तिला खात्री होती.

आणि मला विचारलंही गेलं. हे मी इतकी वर्षं सांगायचं टाळत आलो आहे. आनंदराव भला माणूस. ते पुढं आले, माझा हात हातात घेतला.

"आमी घाई केली आसंल तर मापी असावी," ते म्हणाले. "तरीबी तुमच्या तोंडनं ऐकू दे पाव्हणं. माझी पोरगी पसंत हाय न्हवं? नसली तर आत्ता सांगा. हितं आपण घरचीच हाय, ही सुपारी पाण्यात टाकू आन् कुणाला कळायचं न्हाई."

याहून जास्त कुणी काय करायचं? एक शब्द बोलायचा होता. तो मी दिलेलाही होता. सगळे माझ्याकडं बघत होते. आईच्या बोटाला पेढा लागलेला. माझ्या दुसऱ्या हातात बोटीचा दांडा अजून तसाच होता.

"तुम्ही मोठी माणसं ठरवाल तसं," मी म्हणालो.

मामा हसला, आनंदरावांनी मला मिठी मारली. त्यांच्या खांद्यावरून मला वैजयंता दिसली. ती माझ्याकडं बघत नव्हती. ती वडिलांच्या खिशाकडं बघत होती. मिठी सोडल्यावर त्यांनी वर आलेला पाकिटाचा कोपरा अंगठ्यानं आत दाबला. मग तिच्या आईनं तिला बोलावलं आणि ती कुंकू लावून घ्यायला सतरंजीवर जाऊन बसली.

कोंडिबा दांडा मागायला आला. त्यानं तो हातात घेतला, भोकातून पलीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि निघून गेला.

या गोष्टीला एकवीस वर्षं झाली. चैत्रात आमचं लग्न झालं. तिनं संसार चोख केला. माझ्या आईचं शेवटचं दुखणं एकटीनं काढलं. भरतीचं नाव कधी काढलं नाही, मीही काढलं नाही. सुरुवातीला एकदा मी म्हणालो होतो, सुपारी फुटली होती, माझ्या हातात काय होतं. ती हं म्हणाली आणि भाकरी उलटली. गणपतीच्या मिरवणुकीत कुठं बंदोबस्ताला बायका पोलीस उभ्या दिसल्या की तिची चाल जरा मंदावते. मी अशा वेळी पुढं निघून जातो.

बोटीची गोष्ट मात्र मी पन्नास वेळा सांगितली असेल. लग्नात, बारशाला, कंपनीच्या सहलीत. दांडा हातात येतो तिथं लोक हसायला लागतात. मामाची टोपी, कोंडिबाचं जेवण, मी सगळं रंगवून सांगतो. सांगताना मी बिचारा असतो. बोट फिरते, वारा नेतो, काठावर सुपारी फुटते आणि बिचारा जालिंदर हातात दांडा घेऊन नवरा होतो. वैजयंता चहा देत असते, तीही थोडी हसते. वरवंट्याचं मी त्यात घेत नाही. तो आमच्या घरात ओट्याखाली आहे, त्यानं ती चटणी वाटते.

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या मुलीच्या, ऋतुजाच्या, सायकलचं स्टँड निखळलं. अंगणात ती सायकल धरून उभी, मी स्टँड हातात घेऊन बसलेलो. पिन पडली होती. कॉलेजची वेळ झाली म्हणून तिची घाई चालली होती. मी म्हणालो, थांब, माझ्या पेटीतून कॉटर पिन काढतो. मग पेटी उघडून बसलो. पन्नास डबे, पण त्या मापाची पिन सापडेना. ऋतुजा म्हणाली की बाबा, तुमच्या बोटीसारखंच झालं हे, आता आम्ही गोल फिरायचं का?

वैजयंता दारात तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं. उठून आली, माझ्या हातातून स्टँड घेतलं, भोकासमोर भोक धरलं. मग अंबाड्यातला आकडा काढून आत सारला आणि पलीकडून निघालेले त्याचे दोन्ही पाय अंगठ्यानं दोन बाजूंना वाकवले. सगळं मिळून दहा सेकंद लागले असतील.

"बसला की," ऋतुजा म्हणाली.

"बसतो," वैजयंता म्हणाली. "तेव्हाही बसत होता."

ऋतुजाला काही कळलं नाही. ती सायकलवर टांग टाकून गेली. मी पेटीसमोर तसाच बसून राहिलो.

बसला होता. सीटखाली हात घातला आणि पहिल्या खेपेलाच बसला होता. पाय वाकवायचे तेवढे राहिले होते. दोन मिनिटांत आम्ही धक्क्याला लागलो असतो, तेव्हा कोणाच्या डोक्यात सुपारी नव्हती. मी तो आकडा उपसून काढला आणि तिच्या हातात परत दिला, कारण मला ती आवडली होती. वरवंटा फेकणारी, तोंडावर हात न घेता हसणारी मुलगी मला आयुष्यात पुन्हा भेटणार नव्हती आणि तिला नाही म्हणायला मी काठावर जाणार होतो. मला थोडा वेळ हवा होता. निदान तेव्हा मी स्वतःला तसं सांगितलं.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"मी बघत होते की तुमच्या हाताकडं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

तिनं सूप परत मांडीवर घेतलं. तांदळातला एक खडा काढून तिनं अंगणात टाकला.

"मला वाटलं, बसू दे तासभर," ती म्हणाली. "मलाही बरं वाटत होतं. तुम्ही तर नाही म्हणणारच होतात."

मग ती निवडलेले तांदूळ घेऊन आत गेली. थोड्या वेळानं कुकरची शिट्टी झाली. त्या सायकलला अजून तोच आकडा आहे. मी पिन आणून ठेवली आहे, पण बदललेली नाही.